एका गुरुवारचा बेत : वेरूळ, खुलताबाद, देवगिरी

पैठणपासून देवगिरीचा किल्ला सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. तरीही पैठणमध्ये सारे आयुष्य काढलेल्या एका आजींनी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत तो गड केवळ एस.टी.च्या खिडकीतून पाहिला होता. दरवर्षी नाथषष्ठीला त्यांच्या ओसरीवर वारकरी उतरत, नाथांच्या कथा रंगत, आणि प्रत्येक कथेत तो गड येई. बालवयातले एकनाथ घर सोडून गुरूच्या शोधात निघाले ते याच गडावर, जनार्दनस्वामींकडे. स्वामी निजामशाहीच्या चाकरीतले किल्ल्याचे अधिकारी आणि दत्तभक्त. त्यांचे समाधिस्थान गडाच्या माथ्याजवळच्या गुहेत दाखवले जाते. आजींना तेथे एकदा डोके टेकवायचे होते. त्याआधी घृष्णेश्वराचे दर्शन, आणि जमल्यास ‘ते लेणे’.

बेत आखण्याचे काम पुण्यात इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या नातीकडे आले. गाडी मामाची. मामाचे दुकान बाजारपेठेत. त्याला सुटी मिळणार ती एकाच दिवसाची. तीन माणसे, एक दिवस आणि दीड हजार वर्षांचा प्रदेश. नातीने एक नवी कोरी वही काढली. तीच वही या धाग्याचा विषय आहे.

पहिल्या पानावरचा बेत कालानुक्रमाने होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा मोह होतोच. आधी सर्वांत जुने, मग त्यानंतरचे, शेवटी सर्वांत नवे, म्हणजे काळ जसा सरकला तशी गाडी सरकेल. प्रत्यक्षात वेरूळच्या एकाच डोंगरकड्यात हा क्रम मोडून पडतो. तेथील ३४ लेण्यांना दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रमांक दिलेले आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. हे क्रमांक चालणाऱ्याच्या सोयीचे आहेत, काळाचे नव्हेत. रामेश्वर म्हणून ओळखले जाणारे २१ क्रमांकाचे लेणे आणि धबधब्याजवळचे २९ क्रमांकाचे धुमार लेणे ही बहुतेक अभ्यासकांच्या मते सहाव्या शतकातली, म्हणजे दक्षिण टोकाच्या बौद्ध लेण्यांहून जुनी. धुमार लेण्याची रचना घारापुरीच्या मोठ्या लेण्याशी किती जुळते, हे दोन्ही पाहिलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. त्यानंतर बौद्ध लेणी, त्यानंतर राष्ट्रकूटांचे काम, आणि नवव्या-दहाव्या शतकात जैन लेणी. कालक्रम पाळायचा तर सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या त्या कड्यापुढे मध्यातून उत्तरेला, उत्तरेतून दक्षिणेला, पुन्हा मध्यावर आणि पुन्हा उत्तरेला, असे धावत राहावे लागेल. आजींचे गुडघे तर सोडाच, पंचविशीतले गुडघेही दुपारपर्यंत बोलू लागतील.

नातीने ते पान फाडले नाही; त्यावर एक तिरपी रेघ मारली आणि दुसऱ्या पानावर वारांचा प्रश्न सोडवायला घेतला.

आजींना सोमवार हवा होता, कारण ज्योतिर्लिंग. मामाला मंगळवार सोयीचा होता, कारण दुकानाची साप्ताहिक सुटी. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात (अजिंठा सोमवारी, या दोन वारांची अदलाबदल करून दारातून परतलेल्या सहलींची संख्या कमी नसावी). सोमवारी घृष्णेश्वरी रांग मोठी, आणि एका दिवसाच्या बेतात रांगेत गेलेले दोन तास परत मिळत नाहीत. घरात यावर दोन संध्याकाळी चर्चा झाली. तोडगा अखेर आजींच्याच तोंडून निघाला. जनार्दनस्वामींचा वार गुरुवार. स्वामींच्या दत्तोपासनेमुळे गडावरच्या कचेरीला गुरुवारी सुटी असे, असे परंपरा सांगते. निजामशाहीतली एक सुटी पाचशे वर्षांनी एका किराणा दुकानदाराला लागू झाली. मामाने मंगळवारी दुकान उघडायचे आणि गुरुवारी बंद ठेवायचे कबूल केले.

तिसऱ्या पानावर ऊन आले.

वेरूळचा कडा पश्चिमाभिमुख आहे. सकाळी तो स्वतःच्याच सावलीत असतो. लेण्यांच्या दर्शनी भागावर ऊन येते ते दुपारनंतर. छायाचित्रे काढणाऱ्यांनी म्हणून दुपार निवडावी. देवगिरीचा डोंगर मात्र उघडा, त्यावर सकाळीच चढलेले बरे. रस्त्याचा क्रमही तेच सांगतो. संभाजीनगर सोडले की सुमारे पंधरा किलोमीटरवर दौलताबाद, तेथून घाट चढून खुलताबाद, आणि घाट उतरून वेरूळ. एकूण तीसेक किलोमीटर. बहुतेक सहली याच क्रमाने जातात. सकाळी किल्ला, मध्ये खुलताबाद ओझरते, दुपारी लेणी, संध्याकाळी घृष्णेश्वर. सर्व दृष्टींनी उत्तम क्रम.

अडचण एकच होती. आजी दर्शनाआधी अन्न घेत नाहीत.

त्यामुळे सगळा बेत उलटा झाला. पहाटे पैठण सोडायचे, अंधारात किल्ल्यावरून पुढे जायचे, थेट घृष्णेश्वर गाठायचे, तेथून मागे येत येत संध्याकाळी किल्ल्याशी थांबायचे. पौषातला दिवस, सूर्यास्त सहाच्या सुमारास. नातीने उलटी बेरीज मांडली : किल्ल्याला तीन तास, खुलताबादला दीड, लेण्यांना तीन, दर्शनाला एक, प्रवास, जेवण, आणि आजींच्या प्रत्येक पायरीमागे थोडी विश्रांती. बेरीज जुळेना. अर्धा तास कोठे तरी हरवत होता. नाथांच्या चरित्रात एक प्रसंग आहे. गुरूंच्या कचेरीतल्या हिशोबात एका पैची चूक निघाली आणि ती शोधत एकनाथ रात्रभर जागले. आजींनी तो प्रसंग नातीला त्या रात्री ऐकवला आणि त्या झोपायला गेल्या. अर्धा तास पहाटे निघण्याच्या वेळेत सापडला : पाचऐवजी साडेचार.

चौथे पान मामामुळे लिहावे लागले.

“खुलताबाद काढून टाक,” मामा म्हणाला. “औरंगजेबाच्या कबरीपुढं माझी गाडी थांबायची नाही.”

असे बोलणारा तो एकटा नाही. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचा ज्या क्रूरतेने अंत करण्यात आला, तिची आठवण महाराष्ट्रात अजून कोरडी पडलेली नाही, आणि एखाद्याने त्या कबरीपुढे न थांबण्याचे ठरवले तर त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. नातीनेही घातला नाही. तिने एवढेच विचारले, “मामा, शरीफजी राजांचं नाव ऐकलंय?”

मामाने ऐकले होते. वेरूळची पाटीलकी भोसल्यांची. मालोजीराजांना मूल होईना तेव्हा अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्याला नवस केला गेला आणि झालेल्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पुढे शरीफजींचे काय झाले, हे मात्र क्वचितच विचारले जाते. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही अशी जोडफौज निजामशाहीवर चालून आली. निजामशाहीचा सूत्रधार होता मलिक अंबर. त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या तळावर चिखल केला, रात्री छापे घातले आणि आपल्याहून मोठ्या फौजेचा पराभव केला. शहाजीराजे आणि शरीफजी अंबरच्या बाजूने लढत होते. शरीफजी त्या लढाईत पडले. गनिमी काव्याचा उगम शोधणारे अभ्यासक भातवडीकडे वारंवार का वळतात, ते यावरून कळते.

तो मलिक अंबर खुलताबादेत पुरला आहे.

या माणसाविषयी थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे, कारण एका दिवसाच्या सहलीच्या फलकांवर त्याचे नाव सहसा नसते. जन्म १५४८च्या सुमारास इथिओपियात, मूळ नाव चापू. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, एकाहून अधिक बाजारांतून हातोहात फिरत दख्खनला आला. येथे त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान स्वतःही हबशीच होता. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, राज्य संपले असे सर्वांना वाटले. अंबरने राजघराण्यातला एक मुलगा गादीवर बसवला आणि पुढची पाव शतक मोगलांना दख्खनेत स्वस्थ बसू दिले नाही. जहांगीरने आत्मचरित्रात त्याला शिव्याशाप दिले आहेत. शिवाय त्याने दरबारी चित्रकार अबुल हसन याच्याकडून एक चित्र काढून घेतले, ज्यात बादशहा अंबरच्या भाल्यावर खोचलेल्या मस्तकाला बाण मारीत आहे. रणांगणात न साधलेले कागदावर साधले गेले. अंबर १६२६ मध्ये वृद्धापकाळाने वारला. ज्या शहरातून गाडी पहाटे जाणार होती, ते त्यानेच १६१० मध्ये खडकी या नावाने वसवले होते, आणि डोंगरातले पाणी खापरी नळांनी शहरात आणणारी नहरही त्याचीच.

मामा थोडा वेळ गप्प राहिला. “त्याची कबर मोठ्या कबरीपासून लांब आहे का?” त्याने विचारले. गावाच्या दुसऱ्या अंगाला, बरीच बाजूला आहे, असे कळल्यावर खुलताबाद बेतात परत आले.

गुरुवारी पहाटे साडेचारला निघायचे होते; गाडी पावणेपाचला निघाली. धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधलेली. दौलताबादला पोहोचले तेव्हा उजाडायचे होते. तेथे रस्ता किल्ल्याच्या जुन्या तटातूनच जातो. आजींनी काच खाली केली आणि काळोखात ज्या बाजूला डोंगर असावा त्या बाजूला हात जोडले. बाजू बरोबर होती.

घृष्णेश्वरी रांग थोडकी होती. येथे पुरुषांना अंगातला सदरा काढूनच गाभाऱ्यात जावे लागते. पौषातल्या सकाळी मामाच्या अंगावर काटा आला, त्यात भक्तीचा वाटा किती हे त्यालाच ठाऊक. लिंगाला स्वतः हात लावता येतो, आणि आजींच्या दृष्टीने साऱ्या वास्तुशास्त्राहून ही गोष्ट मोठी होती. मंदिराच्या जीर्णोद्धाराशी मालोजीराजांचे नाव जोडले जाते. आज उभी असलेली तांबूस दगडाची वास्तू अठराव्या शतकातली, होळकरांच्या आश्रयाने झालेली. अहिल्याबाईंचे नाव जवळच्या शिवालय तीर्थाशीही जोडलेले आहे. पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारे ते चौरस कुंड मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तरी बहुतेक दर्शनार्थी ते न पाहताच गाडीत बसतात. त्या कुंडाच्या काठावर धपाटे सोडले गेले.

लेण्यांत आजींसाठी एकच निवडायचे होते आणि निवडीचा प्रश्नच नव्हता. १६ क्रमांक, कैलास. नातीच्या वहीत त्यावर दोन पाने होती. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, कारकीर्द सुमारे ७५६ ते ७७३. शेजारच्या १५ क्रमांकाच्या दशावतार लेण्यात त्याच्या आधीच्या दंतिदुर्गाचा लेख आहे, पण तेथे चढण असल्याने तो वगळला गेला. कैलासाचे प्रांगण २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, आणि मागचा कडा वरून खाली सुमारे १०७ फूट तोडलेला. मंदिर बांधलेले नाही, उरवलेले आहे. डोंगरातून जे मंदिर नव्हते ते काढून टाकले गेले. किती दगड निघाला याचे आकडे पुस्तकागणिक बदलतात, आणि एवढ्या अल्प कारकीर्दीत सगळे काम पूर्ण झाले असेल का, यावरही अभ्यासकांत एकमत नाही. परंतु कृष्णराजाचे नाव हवेतून आलेले नाही. कर्क सुवर्णवर्ष या राष्ट्रकूट वंशजाचा ८१२-१३चा ताम्रपट बडोद्यात मिळाला. त्यात एलापुरातल्या या देवालयाचे वर्णन आहे. विमानांतून जाणारे देव ते पाहून थक्क होतात, आणि घडवणारा कारागीरही स्वतःलाच विचारतो की हे आपल्या हातून झाले कसे. दानपत्रात शिल्प्याचा असा अचंबा नोंदवला जाणे विरळाच.

आजींना ताम्रपटापेक्षा दुसरी गोष्ट आवडली. मराठीत ‘कथाकल्पतरू’ नावाचा ग्रंथ आहे, कृष्ण याज्ञवल्की यांचा, कैलासानंतर सातेकशे वर्षांनी लिहिलेला. त्यातील कथा अशी की अलजपूरच्या राजाच्या राणीने, माणकावतीने, शिवमंदिर बांधण्याचा आणि त्याचा कळस दिसेपर्यंत उपवास करण्याचा पण केला. मंदिर पायापासून बांधायचे तर राणी उपवासाने जायची. तेव्हा कोकस नावाच्या स्थपतीने काम वरून सुरू केले. आधी कळस, मग शिखर, मग बाकीचे. म्हणून लेण्याचे जुने नाव माणकेश्वर.

“आणि कोकस कुठला माहितीये, आजी? पैठणचा.”

“आपल्या पैठणचा?” आजी म्हणाल्या. “मग आधी का नाही सांगितलं?”

ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे, हे नातीने सांगितले. आजींनी ते फारसे मनावर घेतले नाही. पण त्या कथेत एक गोष्ट पक्की आहे. काम वरून खाली झाले, ही मेख सातशे वर्षांनंतरच्या कथाकाराला ठाऊक होती. कोणीतरी ते कड्यावर उभे राहून, छिन्नीच्या खुणा पाहून ओळखले असणार, किंवा ती आठवण कारागिरांच्या घराण्यांतून उतरली असणार. आणि दर्शनाआधी अन्न न घेणाऱ्या बाईला उपवास करणाऱ्या राणीची गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

प्रांगणात आजी हत्तींच्या थराजवळ बसल्या. मंदिराचा भार पेलणारे ते हत्ती, दक्षिण अंगाला कैलास हलवू पाहणारा रावण, एका भिंतीवर रामायण, दुसऱ्या बाजूला महाभारत. महाभारताचा पट त्यांनी कोणाच्याही मदतीशिवाय वाचला, ओळीमागून ओळ, बोटाने दाखवीत. शेजारी थांबलेल्या एका शाळेच्या सहलीतील मुले हळूहळू त्यांच्याभोवती जमली. वहीत या लेण्याला पन्नास मिनिटे होती. दीड तास गेला.

त्याची किंमत उत्तरेकडच्या जैन लेण्यांनी मोजली. ३२ क्रमांकाची इंद्रसभा, जिच्या प्रांगणात एकाच दगडातले छोटे मंदिर आणि हत्ती आहे, वहीत होती आणि वहीतच राहिली. १० क्रमांकाचे विश्वकर्मा लेणे नातीने धावत जाऊन पाहिले. दगडी छताला लाकडी वाशांचा भास देणारे ते चैत्यगृह, ज्याला सुतार मंडळी आपले मानत आली आणि ‘सुताराचे लेणे’ म्हणत आली. धावत पाहण्याची ती जागा नाही. ज्यांना गुडघ्यांची अडचण नाही त्यांनी हा अख्खा दिवस वेरूळलाच द्यावा आणि देवगिरी दुसऱ्या दिवशी करावा, हे स्पष्टच सांगितलेले बरे.

मामाला मात्र वेरूळ गावात भोसल्यांच्या गढीचे अवशेष पाहायचे होते. त्यासाठी वहीत पंधरा मिनिटे होती आणि मामाने ती पंधराच घेतली. आजूबाजूच्या डोंगरात जगाने वाखाणलेली शिल्पे, आणि येथे थोड्या मातीत बुजलेल्या भिंती. तो त्या भिंतींपाशी हात मागे बांधून उभा राहिला.

घाट चढून खुलताबादेत आले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. या गावाला पूर्वी नुसते रौझा म्हणत. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा दिल्लीची सूफी मंडळीही या बाजूला आली. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ मध्ये येथेच निवर्तले. औलियांची संभाषणे ‘फवाइदुल फुआद’ या ग्रंथात टिपणारे कवी अमीर हसन सिज्झी हेही येथेच विसावले. बुऱ्हाणपूर शहराचे नाव या बुऱ्हाणुद्दीनांवरून पडले आहे; खानदेशच्या फारुकी राजांनी दिलेले. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक पहिला निजाम याच दर्ग्याच्या आवारात आहे. समोर जैनुद्दीन शिराझी यांचा दर्गा, आणि त्याच्या आवारात औरंगजेब. तो १७०७ मध्ये अहमदनगरला मेला. त्याच्या इच्छेनुसार येथे आणून पुरला गेला. कबर उघडी, वर छत नाही. भोवतीची संगमरवरी जाळी दोनशे वर्षांनंतरची. खुलताबाद हे नावही त्याच्या मरणोत्तर उपाधीतून आले.

मामाने गाडी भद्रा मारुतीच्या मंदिरापाशी लावली. येथला मारुती निजलेला आहे, आणि अशी मूर्ती फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. आजी आणि मामा तेथे थांबले, नात दर्ग्यांच्या बाजूला एकटी चालत गेली आणि अर्ध्या तासाने परतली. काय पाहिले असे मामाने विचारले नाही.

मग तिघे अंबरच्या मकबऱ्याकडे गेले. त्याने तो हयातीतच बांधून घेतला होता. घुमटाची भरीव, काळसर इमारत, थोड्या अंतरावर त्याच्या पत्नीची, सिद्दी करीमाची कबर. फुलवाले नाहीत, रांग नाही. मामा भोवती एक फेरी मारून आला.

“हा नसता तर शहाजीराजे शिकले असते कुणाकडून?” तो म्हणाला. नातीला या वाक्यावर दोन-तीन आक्षेप घेता आले असते. तिने घेतले नाहीत.

देवगिरीला पोहोचायला साडेतीन झाले. वहीनुसार तीन.

या गडाची कीर्ती त्याच्या माथ्यापेक्षा त्याच्या वाटेत आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात भिल्लम यादवाने येथे राजधानी केली. डोंगराचा खालचा भाग तासून सरळ भिंतीसारखा केलेला, पायथ्याशी खंदक, आणि वर जाण्याचा मार्ग एकच. तो अंधारीतून जातो. खडकात कोरलेला वळणावळणाचा काळोखा बोगदा, ज्यात शत्रूची दिशा चुके, फसव्या वाटा खंदकाच्या बाजूला उघडत आणि वरच्या तोंडाशी धूर कोंडण्याची सोय असे. एवढे असूनही १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी अचानक चालून आला तेव्हा रामदेवरायाला तह करावा लागला. वेढ्याच्या घाईत धान्य म्हणून गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघाले, अशी कथा आहे. गड हल्ल्याने पडला नाही, कोठाराने पडला. मामाने या ठिकाणी दुकानदार म्हणून मान हलवली.

आता वहीतला शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न समोर होता, आणि त्याचे उत्तर चौथ्या पानापर्यंत कोणी लिहिले नव्हते. आजी माथ्यापर्यंत जाणार नव्हत्या. हे सर्वांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, तरी प्रत्येक बेतात ‘किल्ला : तीन तास’ एवढेच लिहिलेले असे. दरवाज्यांतून आत, बुरुजांच्या मधून, हत्ती हौदापर्यंत त्या सावकाश आल्या. शेजारच्या भारतमाता मंदिरात बसल्या. ही मुळात १३१८ची जामा मशीद, कुतुबुद्दीन मुबारक खलजीच्या काळातली, जुन्या मंदिरांचे खांब वापरून उभी केलेली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर तेथे भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली. त्या खांबांच्या सावलीत बसून आजींनी वर पाहिले. चाँदमिनाराच्या मागे डोंगर, डोंगरावर बारादरी. जनार्दनस्वामींचे स्थान येथून दिसत नाही.

एकाने आजींजवळ थांबायचे आणि एकाने वर जायचे, एवढेच शक्य होते. नातीने या गडावर एक निबंध लिहिला होता. अंधारीचा नकाशा तिला तोंडपाठ होता. चिनी महाल, जेथे गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा तानाशाह याने कैदेत अखेरची वर्षे काढली, तोही वरच्याच वाटेवर होता. ती स्वतः गडावर कधीच चढली नव्हती.

आजींनी पिशवीतून नारळ काढला. तो पैठणहून, नाथांच्या मंदिरातून आणलेला होता. त्यांनी तो कोणाच्याही हातात दिला नाही, मांडीवर ठेवला.

“मामा, तुम्ही जा,” नात म्हणाली. “अंधारीत बॅटरी लावा. डाव्या हाताने भिंत धरा.”

मामा नारळ घेऊन गेला. पाच वाजले, मग सव्वापाच. सावल्या खंदकात उतरल्या. पहारेकरी शिट्ट्या वाजवीत लोकांना खाली बोलावू लागले. या वेळात आजींनी नातीला शत्रू चालून आल्याचा प्रसंग सांगितला : गुरू समाधीत होते, त्यांना न उठवता एकनाथ त्यांचे चिलखत घालून लढायला गेले आणि परतल्यावर याविषयी एक शब्द बोलले नाहीत. नातीने तो अनेकदा ऐकला होता. या वेळी तिने विचारले की चिलखत अंगाला मोठे झाले नसेल का. आजींनी यावर पूर्वी कधी विचार केलेला नव्हता.

साडेपाचनंतर मामा दिसला. घामाने भिजलेला, हातात नारळाची एक वाटी आणि रुमालात बांधलेला अंगारा. त्याने अंगारा आधी आजींच्या कपाळाला लावला, मग भाचीच्या. बारादरीची छायाचित्रे काढायची तो विसरला होता. चिनी महाल कोठे होता ते त्याला कळले नव्हते.

“पायऱ्या किती होत्या रे?” आजींनी विचारले.

“मोजल्या नाहीत, आई. खूप होत्या.”

बाहेर रस्त्यावर पेरू घेतले. गाडी सुरू झाल्यावर नातीने वही उघडली आणि शेवटच्या पानावर तीन नावे लिहिली : इंद्रसभा, अंधारी, चिनी महाल. पुढे वार लिहायचा होता. मंगळवार नको, एवढे तिने आधी लिहून ठेवले.